आमच्या आळीतील मेक्सिकन हॉटेल

पुण्याहून मुंबईकडे जुन्या रस्त्याने निघालात, की लोणावळा येण्याच्या जरासे अलीकडे आमचे वलवण लागते. धरणामुळे हे नाव आपल्या कानावरून गेले असेल. इथल्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून 1915 साली वीज काढली गेली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली गेली. मी या गावी राहतो आणि जवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु आज धरणाविषयी बोलायचे नाही आणि मराठी वाङ्मयाविषयी तर नाहीच नाही. बोलायचे आहे ते आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या एका हॉटेलाविषयी.

हॉटेल हा शब्द मी आपल्या गावाकडच्या अर्थाने वापरतो आहे, बरं का. जिथे चहा मिळतो ते हॉटेल. पत्र्याचे छप्पर, चार बाकडी, भज्यांची परात ठेवलेले काचेचे कपाट आणि गल्ल्यावर मालक अण्णा. मिसळ, भजी, बटाटावडा आणि चहा, एवढाच कारभार. सकाळी सहाला दूधवाले येत, त्यांच्यामागून बंगल्यांवर काम करणारे माळी, मग रिक्षावाले, मग आम्ही शाळा-कॉलेजातले लोक. अण्णांकडे उधारीची एक लांबट वही होती. तिच्यात निम्म्या गावाची नावे होती. माझेही होते.

पुढे द्रुतगती मार्ग झाला. 2002 साली तो पुरता सुरू झाला आणि जुन्या रस्त्यावरच्या मालमोटारी आणि गाड्या तिकडे वळल्या. सोमवार ते शुक्रवार बाकडी रिकामी राहू लागली. शनिवार-रविवार, त्यातून पावसाळा असला, तर मात्र पाय ठेवायला जागा नसे. पण ते पर्यटक अण्णांच्या पत्र्याखाली कशाला बसतील? त्यात अण्णांचे गुडघे धरले. धाकटा मुलगा मुंबईत एका मोठ्या हॉटेलात आणि नंतर काही वर्षे बोटीवर स्वयंपाकी होता. तो परत आला. त्याने पत्रे उतरवले, सात महिने जागा बंद ठेवली आणि उघडली तेव्हा तिथे मेक्सिकन पदार्थ मिळतील अशी पाटी लागलेली होती.

आता वलवणात मेक्सिको! आळीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

एका रविवारी संध्याकाळी मी, सौभाग्यवती आणि शाळेत जाणारी मुलगी असे आम्ही तिघे गेलो. बाहेरून पाहिले तर ओळखू येईना. भिंती एकीकडून निळ्या, एकीकडून केशरी. दाराशी कुंड्यांतून निवडुंग. ज्या निवडुंगाने आमच्या लहानपणी शेताची कुंपणे केली, तो आता कुंडीत बसून पाहुण्यांचे स्वागत करीत होता. छताखाली रंगीत कागदाच्या कातरलेल्या पताका, अगदी आपल्या गणपतीत लावतात तशा. आणि दार काचेचे. आत वातानुकूलन असल्यामुळे ते कायम लावलेले.

बसलो. पदार्थांचे कार्ड आले, ते सगळे इंग्रजीत. मी दोन विषयांचा एम.ए. नसलो तरी एका विषयाचा आहे, पण त्या कार्डापुढे मी निरक्षर झालो. मुलीने वाचून दाखवले, तिनेच मागवले, आणि आम्ही दोघे आईबाप पाहुण्यांकडे जेवायला गेल्यासारखे ताठ बसून जेवलो. चव वाईट नव्हती, हे तेव्हाही कबूल होते. बिल झाले अकराशे चाळीस रुपये. घरी आल्यावर मी पुष्कळ बोललो. आपली जागा गेली, बाकडी गेली, मिसळ गेली, वगैरे. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले.

चार दिवसांनी तो मुलगाच घरी आला. हातात ते कार्ड. म्हणाला, "सर, एवढं मराठीत करून द्याल का?"

मी विचारले, "पर्यटकांना मराठी कार्ड कशाला?"

"पर्यटकांसाठी नाही सर. अण्णांची जुनी माणसं दारापर्यंत येतात, काचेतून आत बघतात आणि परत जातात. अण्णा गल्ल्यावरून बघत असतात. त्यांना ते सोसत नाही."

मी कार्ड ठेवून घेतले. मराठीचा प्राध्यापक आहे, तासाभराचे काम, असे मला वाटले. त्याला तीन आठवडे लागले.

पहिल्याच शब्दाला अडलो. टॉर्टिया. मक्याची पोळी लिहावे की मक्याची भाकरी? पोळी म्हणावी तर ती कणकेची नव्हे. भाकरी म्हणावी तर आमच्या मावळात भाकरी म्हणजे तांदळाची, आणि मक्याच्या भाकरीला तर चिकटपणाच नसतो. गरम पाण्याने उकड काढली तरी ती थापताना कडेला चिरते आणि मुडपली की तुटते. ही तर घडी घालून हातात धरून खातात आणि तुटत नाही! तेव्हा पाहिल्याशिवाय शब्द मिळणार नाही, असे ठरवून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो.

तिथे चुलीपाशी कोण, तर आमच्याच आळीतल्या मावशी. पूर्वी अण्णांकडे भजी तळीत. मला म्हणाल्या, "सर, सगळी करामत चुन्याची आहे."

श्रोतेहो, इथे जरा थांबून ही करामत आपणास सांगितली पाहिजे, कारण ती घरी करून पाहण्यासारखी आहे. एक किलो वाळलेला मका घ्यायचा. कोवळी किंवा गोड कणसे चालत नाहीत, बाजारात विकतो तो कडक दाणा हवा. तीन लिटर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा चुना कालवायचा. भिंतीला लावतात तो नव्हे, पानाला लावतात तो. त्या पाण्यात मका अर्धा-पाऊण तास शिजवायचा आणि रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. सकाळी पाणी पिवळे झालेले दिसते आणि दाण्याची साल बोटाने चोळली की सुटते. मग तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवायचा, म्हणजे चुन्याचा उग्रपणा जातो, आणि पाट्यावर वाटायचा. जे पीठ होते ते कणकेसारखे चिवट असते. त्याचा लिंबाएवढा गोळा दाबून पातळ करायचा आणि तापल्या तव्यावर टाकायचा. तव्यावर ती टम्म फुगते.

मेक्सिकोतल्या बायका हे तीन हजार वर्षांहून अधिक काळ करीत आल्या आहेत. त्यांचा पाटा तीन पायांचा असतो, वरवंटा आपल्यासारखाच दोन्ही हातांनी पुढेमागे चालवायचा. मूळचा तवा मातीचा. आणि चुन्याचा उपयोग केवळ पीठ चिवट होण्यापुरता नाही. मक्यात नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व असते, पण ते बांधलेले असते, शरीराला मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळे होते. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही. दाणा नेला, बाईचे शहाणपण तिथेच राहिले. पुढे इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. अंगावर चट्टे उठायचे, हगवण लागायची, शेवटी डोके फिरायचे. हजारो माणसे दगावली. मेक्सिकोतला तोच मका खाणारा शेतकरी मात्र सहसा या रोगातून वाचला, तो चुन्यामुळे. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. दोन भांडी घ्यावीत, एकात नुसते पाणी, एकात चुन्याचे, आणि दुसऱ्या दिवशी मुलांकडून दाणे चोळून घ्यावेत.

तर मी लिहिले, 'चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची पातळ भाकरी.' मुलगा म्हणाला, "सर, कार्डावर जागा नाही." शेवटी 'मक्याची भाकरी' एवढेच राहिले.

पुढचे शब्द भराभर सुटू लागले, आणि सुटता सुटता मला माझीच लाज वाटू लागली. साल्सा म्हणजे काय, तर भाजलेले टोमॅटो, मिरची, कांदा, लसूण आणि कोथिंबीर, दगडी खलात रगडलेली. आपण याला ठेचा म्हणतो. फ्रिहोलेस म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ. राजमा असेच बाजारी नाव. अव्होकाडोला मात्र मराठीत रुळलेले नाव सापडले नाही, तो शब्द तसाच ठेवला. ठेवताना कळले, की अव्होकाडो, टोमॅटो, चॉकलेट हे तिन्ही शब्द मेक्सिकोच्या जुन्या नाहुआ लोकांच्या भाषेतून जगभर गेले आहेत. नाचोस नावाचा जो कुरकुरीत प्रकार माझ्या मुलीने मागवला होता, तो काही फारसा पुराणा नाही. गेल्या शतकाच्या चाळिशीत अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या एका मेक्सिकन गावात इग्नासियो अनाया या माणसाने ऐन वेळी आलेल्या पाहुण्यांना जे हाताशी होते ते करून वाढले. इग्नासियोला तिकडे लाडाने नाचो म्हणतात. आपल्याकडे पाव्हणे आले आणि फोडणीची पोळी झाली, तसेच हे.

आणि मिरची! आपली वाटते ना? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात स्वयंपाकाचे केवढे तरी वर्णन आहे, पण मिरची नाही. 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा महाराष्ट्रात कोणी मिरची पाहिलेली नव्हती. तिखटासाठी मिरे होते, पिंपळी होती, आले होते. मिरची मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात गोव्याकडे आली आणि दोन-तीनशे वर्षांत अशी रुजली, की तिच्यावाचून ताट अळणी झाले.

थोडे पुढे जाऊ. आपल्या एकादशीचे ताट डोळ्यांपुढे आणा. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. रताळे अमेरिकेचे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा. हिरवी मिरची तिकडची. वरीचे तांदूळ तेवढे आपले. राजगिरासुद्धा मेक्सिकोत पिकवला जाई, तिथे त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत, आणि म्हणूनच स्पॅनिश पाद्र्यांनी त्या पिकाचा राग धरला. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घोळून वड्या पाडतात. त्या वडीला ते 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. शेंगदाण्याची गुळातली चिक्कीही तिथे रस्तोरस्ती विकतात. ऊस आपल्या बाजूचा, तो तिकडे गेला. शेंगदाणा तिकडचा, तो इकडे आला. लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांच्या रांगा आहेत, आणि त्याच बाजारात मी मेक्सिकन हॉटेलावर तोंड वाकडे करून फिरत होतो!

दसऱ्याला आपण दाराला झेंडूचे तोरण लावतो. तो झेंडूही मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांचे सण असतात. घरात पितरांसाठी पान मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. सर्वपित्रीला आपण जे करतो त्याहून यात निराळे काय आहे?

पावसाळ्यात आपण लोणावळ्यास आलात, तर रस्त्याच्या कडेला छत्री लावून कणसे भाजणारी बाई दिसेल. कोळशावर भाजलेले कणीस, त्यावर अर्ध्या लिंबाने चोळलेले तिखटमीठ. मेक्सिकोच्या रस्त्यांवर हेच विकतात, हेच लिंबू आणि हेच तिखट. तेव्हा आमच्या भागात मेक्सिकन खाणे फार पूर्वीपासून आहे. त्याला फक्त काचेचे दार नव्हते.

या शोधात मला एक माणूस भेटला, तो पुस्तकांतून. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केली, म्हणून हिंडत हिंडत 1924 साली ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथल्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या नव्या वाणांवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. विचार करा, ज्यांनी जगाला मका दिला त्यांच्या देशात जाऊन वऱ्हाडाच्या शेजारच्या एका मराठी माणसाने मक्यावर काम केले आणि त्यांनी ते मानाने स्वीकारले. दिएगो रिव्हेरा हा त्या देशाचा थोर चित्रकार. त्याने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक मोठे चित्र काढले, 'आमची रोजची भाकरी' असा त्याच्या नावाचा अर्थ. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे जेवायला बसली आहेत आणि त्या पंगतीत भाकरी वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि 1967 साली नागपुरास वारले. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा 2022 साली उभा राहिला. आमच्या महाविद्यालयात मी मुलांना त्यांचे नाव विचारले, वर्गात एकही हात वर झाला नाही. मलाही ते महिन्यापूर्वीच कळले होते, म्हणून रागावलो नाही.

शेतकरी बंधूंनी आणखी एक ध्यानात घ्यावे. 1966 साली आपल्या सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. बुटक्या ताटाचा तो गहू. त्या वंशातून पुढे कल्याण सोना आणि सोनालिका हे वाण आले. आपल्या वडीलधाऱ्यांना ही नावे विचारून पाहा. तेव्हा पोळी म्हटली तरी मेक्सिको काही सुटत नाही.

असो. कार्ड पुरे झाले. पण ते देताना मी त्या मुलाशी जरा स्पष्ट बोललो. म्हटले, "अरे, शब्द मराठी झाले, पण दोन भाकऱ्या आणि उसळीला तीनशे चाळीस रुपये हे कोणत्या भाषेत वाचायचे? परकं काय आहे ते माझ्या ध्यानात आलंय. ताटातलं काहीच परकं नाही. दार परकं आहे, आणि हा आकडा." आणि प्राध्यापकी स्वभावानुसार राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेदही सुनावला. दुकाने आणि उपाहारगृहे यांत जाण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्यात मुद्दाम म्हटले आहे. घटना लिहिणाऱ्यांना उपाहारगृहाचे नाव घालावेसे वाटले, कारण आमच्या आजोबांच्या काळी दाराबाहेर निराळी कपबशी ठेवलेली असे. ते दार कायद्याने उघडले. मग आता ते खिशावरून का लागावे?

तो रागावला नाही. त्याने हिशेबाची वही काढली. बँकेचा हप्ता, विजेचे बिल, चार माणसांचे पगार, रिकामा जाणारा बुधवार. "सर, अण्णांच्या चहावर यातलं काय निघेल सांगा. मी मुंबईत राहिलो असतो तर ही जागा केव्हाच बंगल्याच्या दलालाला गेली असती." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. त्याचा हिशेब खरा आहे. काचेतून बघून परत जाणारी माणसेही खरी आहेत.

त्याने दोन गोष्टी केल्या. सोमवार ते गुरुवार सकाळी सात ते दहा तो वातानुकूलन बंद ठेवतो आणि दाराला वीट लावतो. आणि कार्डाच्या मराठी बाजूस मावशींच्या हातची दोन मक्याच्या भाकऱ्या, घेवड्याची उसळ आणि ठेचा असे एक ताट घातले, ऐंशी रुपये. अण्णांच्या मिसळीपेक्षा वीस रुपये जास्तच, पण बसून पोट भरते. दोन-तीन रिक्षावाले येऊ लागले आहेत. माळी अजून येत नाहीत.

गेल्या मंगळवारी मी तिथे होतो. धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले आमच्या आळीतले आबा विटेपाशी येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढू लागले, तेव्हा अण्णा गल्ल्यावरून ओरडले, "आबा, देऊळ नाही ते, या तसेच." आबा आत आले, खिडकीजवळ बसले, चष्मा लावून त्यांनी कार्डाची मराठी बाजू वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मी श्वास रोखून बघत होतो, मजकूर माझा होता ना. वाचून झाल्यावर कार्ड उलटे करून त्यांनी पलीकडची बाजूही पाहिली आणि म्हणाले, "सगळं आहे रे पोरा, पण चहा कुठं लिहिलाय?"

चहा लिहायचा राहिला होता. मुलगा आत गेला आणि त्याने आधण ठेवले.